मोटार थरथरते? रिवाइंडिंगला नेण्याआधी हर्ट्झ बघा

मये (डिचोली) : मये, शिरगाव, मुळगाव या खाणपट्ट्यात पंप बंद पडून चालत नाही. खाणीच्या खंदकातलं पाणी उपसायचं असो की कुळागर शिंपायचं, मोटार थांबली की काम अडलं. अशा मोटारींना व्हीएफडी, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला की वीजबिल उतरू शकतं. पण कधी कधी वर्षानुवर्षं शांत चाललेली मोटार त्यानंतरच थरथरू लागते आणि खापर फुटतं वायंडिंगवर.

कारण अनेकदा वेगळंच असतं. थेट 50 हर्ट्झवर चार पोलची मोटार मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या जरा खाली, जवळपास एकाच वेगाने फिरते. ड्राइव्हवर तीच 30, 35, 42 हर्ट्झवरही चालते. चौथरा आणि लोखंडी फ्रेम यांची स्वतःची एक लय असते, झोपाळ्याला असते तशी. मोटारीचा वेग त्या लयीशी जुळला की साधा हादराही कित्येक पट वाढतो. म्हणून वेग सावकाश वाढवत थरथर कितीला सुरू झाली नि कितीला थांबली, ते वहीत लिहावं. ती ठरावीक पट्ट्यातच असेल, तर तेवढे हर्ट्झ वगळण्याची सोय बहुतेक ड्राइव्हमध्ये असते. पक्का इलाज मात्र चौथरा आणि फ्रेम मजबूत करणं हाच.

सगळ्याच वेगांवर थरथर असेल तर मोटारीचा पुरवठा एकदम तोडून ती आपोआप थांबू द्यावी. ड्राइव्हने हळूहळू थांबवली तर ही चाचणी फसते. पुरवठा तुटताच थरथर गेली, तर दोष विजेकडचा: ड्राइव्हची सेटिंग, फेजमधला फरक किंवा वायंडिंग. वेगाबरोबर हळूहळू उतरली, तर यांत्रिक. मग कपलिंग सोडून मोटार एकटी चालवावी. शांत चालली तर अलाइनमेंट किंवा पंप तपासायचा. नाही तर पायांचे बोल्ट; एक पाय अधांतरी राहिला नि बोल्टने ओढून बसवला, तरी बॉडी पिळवटते.

आवाज घरघरता असेल तर बेअरिंग उघडून पाहावं. ड्राइव्हमुळे शाफ्टवर व्होल्टेज येतं, ते बेअरिंगमधून जमिनीत उतरतं आणि कड्यावर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा पडतात. तिथे नुसतं नवं बेअरिंग घातलं तर तेही तसंच जातं. शाफ्टला अर्थिंगचा ब्रश, इन्सुलेटेड बेअरिंग आणि शिल्डेड केबल यांचा विचार करावा लागतो.

एक सावधगिरी: मेन बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं. पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबून, मीटर लावून खात्री केल्याशिवाय वायरमनने झाकण उघडू नये.