मूल किती हवे, हे कोण ठरवणार? चीनचा अनुभव, बाबासाहेबांची भूमिका आणि आपला कायदा



एटापल्ली तालुक्यात गट्टा, जारावंडी, कसनसूरकडचा तरुण सरकारी नोकरीच्या मागे असतो, तेव्हा त्याला लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या बाईलाही हीच अट आहे. ती कुठून आली आणि अशा सक्तीचे पुढे काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर चीनकडे पाहावे लागते.

चीनमध्ये काय झाले?

चीनने 1980 साली 'एक कुटुंब, एक मूल' हे धोरण देशभर लागू केले. जास्त मूल झाले की दंड, नोकरीवर गदा, अनेक ठिकाणी सक्तीचा गर्भपात आणि नसबंदी. दंड न भरलेल्या घरातल्या कित्येक मुलांची कुटुंबनोंदणीच झाली नाही. नोंद नाही म्हणजे शाळा नाही, दवाखाना नाही. मुलगाच हवा म्हणून मुली गर्भातच मारल्या गेल्या. 2010 च्या सुमारास तिथे 100 मुलींमागे जवळपास 118 मुलगे जन्मत होते.

2016 पासून सरकारने दोन मुलांना परवानगी दिली, 2021 मध्ये तीन मुलांना. पण 2022 पासून लोकसंख्या घटू लागली. आता तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,600 युआन दिले जातात. तरी तरुण जोडपी तयार नाहीत. घर महाग, शिक्षण महाग, आणि एकुलत्या एका मुलावर म्हाताऱ्या आईबापांचा भार. काल 'नको' म्हणणारे सरकार आज 'हवे' म्हणते. दोन्ही वेळेला बाईला कोणी विचारले नाही.

बाबासाहेब काय म्हणत होते?

बाबासाहेब संततिनियमनाचे ठाम पुरस्कर्ते होते. त्याचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र त्यांनी 1934 साली घेतले होते. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव फेटाळला गेला. पण त्यातली भूमिका लक्षात ठेवा : गरीब घरावरचा बोजा आणि बाळंतपणात झिजणारे बाईचे शरीर पाहून साधने व माहिती लोकांपर्यंत पोचवावी, आणि मूल हवे की नको हे बाईच्या इच्छेवर असावे. त्यात शिक्षेची भाषा नाही.

आपल्याकडची अट

महाराष्ट्रात 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायत सदस्यत्वाला अपात्र ठरवले जाते. 2005 च्या नियमांनी अशीच अट राज्य सरकारच्या नोकरीला लावली. मूल दत्तक दिले तरी पद वाचत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ओडिशातील एका सरपंचाच्या प्रकरणात दिला. आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही.

म्हणजे शिक्षा कोणाला? निर्मला बुच यांच्या पाच राज्यांतील अभ्यासात अपात्र ठरलेल्यांमध्ये दलित, आदिवासी आणि मागास समाजाचेच लोक जास्त निघाले. बायको सोडणे, मूल लपवणे, गर्भलिंग तपासून गर्भपात करणे असे प्रकारही पुढे आले. आंध्र प्रदेशने 2024 मध्ये ही अट रद्द केली.

मुले कमी कशाने होतात?

मूल जगेल अशी खात्री असली की आई आपणच थांबते. आपल्याच गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 39 गावांत आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तीन वर्षांत नवजात मृत्यूदर निम्म्याहून खाली आणला. महाराष्ट्राचा प्रजननदर 2019-21 मध्ये 1.7 होता. तो मुलींचे शिक्षण आणि आरोग्यसेवा यांमुळे घटत गेला.

आपण काय करायचे?

भरतीचा अर्ज किंवा उमेदवारी भरण्याआधी ही अट घरात नीट समजावून सांगा. खोटे प्रतिज्ञापत्र महागात पडते. उपकेंद्रात गर्भनिरोधक साधने मोफत मिळतात, हे प्रत्येक विहारात आणि महिला मंडळात सांगा. पुरुषांची नसबंदी सोपी असूनही शस्त्रक्रियेला बाईलाच पाठवले जाते, यावर तरुणांनी बोलावे. आणि लोकप्रतिनिधींना विचारावे : जी अट तुम्हाला नाही, ती गावच्या बाईला का?