पित्तनलिकेवरील उपचारानंतरही पोटदुखी का राहते?

लखनौमधील मानक नगर ही रेल्वेची वसाहत आहे. रूळ, डबे, इंजिने आणि पूल यांची मानके ठरविणाऱ्या आणि १९५७ साली स्थापन झालेल्या आरडीएसओ या संस्थेचे मुख्यालय येथे आहे. देशाच्या विविध भागांतून बदली होऊन आलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना येथील हवापाण्याबरोबर एका आजाराचीही ओळख होते, तो म्हणजे पित्ताशयातील खडे. गंगेच्या खोऱ्यात या खड्यांचे आणि पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दक्षिण भारताच्या तुलनेत बरेच अधिक आहे. रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था याच शहरात असल्याने पित्तनलिकेवरील दुर्बिणीच्या उपचारासाठी दूरवर जावे लागत नाही. मात्र खडा निघाल्यानंतर, सर्व अहवाल सामान्य आल्यानंतरही काही रुग्णांची पोटदुखी थांबत नाही.

हा उपचार ईआरसीपी या नावाने ओळखला जातो. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या आरंभीच्या भागापर्यंत नेली जाते. तेथे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एका लहानशा उंचवट्यावर उघडतात. अमेरिकेत १९६८ साली या मार्गाने नलिकांचे चित्र प्रथम घेण्यात आले. १९७४ साली जर्मनी आणि जपानमधील डॉक्टरांनी या मुखाशी असलेला आकुंचक स्नायू विजेच्या तारेने छेदून खडे काढण्यास प्रारंभ केला. भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. टेहमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली केली. त्यानंतर या दोन्ही पद्धती हळूहळू जिल्ह्याच्या शहरांपर्यंत पोहोचल्या.

उपचारानंतरच्या वेदनेचा विचार करताना ती कधी सुरू झाली, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या चोवीस तासांत वरच्या पोटात सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र वेदना ही स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. ईआरसीपीनंतर होणाऱ्या गुंतागुंतींमध्ये ती सर्वांत अधिक आढळते. रक्तातील अमायलेज किंवा लायपेज सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक वाढल्यास आणि त्यासोबत वेदनाही असल्यास निदान होते. हा दाह टाळण्यासाठी गुदमार्गाने इंडोमेथासिन देण्याची पद्धत आहे. अमेरिकेत ६०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाहाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले. या चाचणीत प्रामुख्याने अधिक धोका असलेले रुग्ण घेण्यात आले होते, हे लक्षात ठेवावयास हवे. सर्वसाधारण रुग्णांत दाहाचे प्रमाण याहून कमी असते.

वेदनेसोबत थंडी वाजून ताप येणे आणि डोळे पिवळे होणे ही पित्तनलिकेतील जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. काळी शौचास होणे हे रक्तस्रावाचे, तर पोट ताठ होणे हे आतड्याला छिद्र पडल्याचे लक्षण असू शकते. यांपैकी काहीही झाल्यास सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे लागते.

काही आठवड्यांनी सुरू होणाऱ्या वेदनेमागे अनेकदा साधे कारण असते. नलिकेत एखादा खडा राहून गेलेला असतो किंवा तेथे बसविलेली प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, तुंबलेली असते. अशी नळी साधारणतः तीन महिन्यांच्या सुमारास काढावी किंवा बदलावी लागते. परंतु वेदना थांबली, बदली झाली, मुलांच्या परीक्षा आल्या आणि नळी पोटातच राहिली, हे भारतीय रुग्णालयांत नवे नाही. नळी घातल्याची तारीख पुष्कळदा घरच्या कोणालाही आठवत नाही.

गंगेच्या खोऱ्यातील रुग्णांच्या बाबतीत आणखी एक तपासणी विसरून चालत नाही. पित्ताशय काढले असल्यास त्याच्या पेशींच्या तपासणीचा अहवाल हाती घेतलेला असावा. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात कधी कधी अनपेक्षितपणे कर्करोग आढळतो. वजन घटत असल्यास आणि भूक मंदावली असल्यास या अहवालाचे महत्त्व अधिकच वाढते.

हे सर्व तपासून झाल्यावरही ज्यांची वेदना उरते, त्यांचा प्रश्न खरा अवघड आहे. रक्त सामान्य, सोनोग्राफी सामान्य, एमआरसीपी सामान्य. घरातील मंडळींना वाटते की रुग्ण उगाच धसका घेऊन बसला आहे. रुग्णाला वाटते की डॉक्टर काहीतरी लपवीत आहेत.

अशा वेदनेचा दोष अनेक वर्षे पित्तनलिकेच्या मुखावरील स्नायूकडे दिला गेला. इटलीतील रुग्गेरो ओड्डी यांनी १८८७ साली, विद्यार्थिदशेत असताना, त्याचे वर्णन केले होते. तो स्नायू अकारण आवळला जातो, पित्ताचा दाब वाढतो आणि म्हणून पोट दुखते, अशी ही मांडणी होती. ती पटण्याजोगी होती. साहजिकच स्नायू छेदणे हा उपाय जगभर रूढ झाला.

या समजुतीची परीक्षा अमेरिकेतील सात केंद्रांवर झाली. पित्ताशय काढल्यानंतरही दुखत असलेल्या, पण तपासण्यांत दोष न आढळलेल्या २१४ रुग्णांपैकी काहींचा स्नायू छेदण्यात आला, तर काहींवर केवळ देखाव्याची प्रक्रिया झाली. आपल्यावर काय झाले हे रुग्णांना सांगण्यात आले नव्हते. एका वर्षानंतर देखाव्याच्या गटातील ३७ टक्के, तर छेद घेतलेल्या गटातील अवघ्या २३ टक्के रुग्णांत अपेक्षित सुधारणा दिसली. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचाराचा लाभ तर झाला नाहीच, उलट दोन्ही गटांत दहापैकी एकाहून अधिक रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह झाला. त्यामुळे तपासण्या पूर्णतः सामान्य असताना केवळ वेदनेसाठी पुन्हा ईआरसीपी करण्याचा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घेणे योग्य ठरते. नलिका रुंदावलेली असेल किंवा यकृताच्या चाचण्या वेदनेच्या वेळी बिघडत असतील, तर मात्र स्थिती वेगळी असते.

मग वेदना कोठून येते? काही रुग्णांत ती पोटाच्या भिंतीतील चेतातंतूची असते. रुग्णाने उताणे झोपून डोके उचलले व पोट ताणले असता दुखणे वाढले, तर भिंतीचा संशय बळावतो. ही साधी युक्ती अमेरिकी शल्यविशारद कार्नेट यांनी १९२६ साली सांगितली होती. या चाचणीला खर्च काहीच येत नाही. तरीही ती क्वचितच केली जाते. काहींना आम्लपित्त, अल्सर किंवा आतड्याच्या हालचालींचा त्रास मुळापासूनच असतो आणि त्याचे खापर खड्यांवर फोडलेले असते. इतरांमध्ये दीर्घकाळ चाललेल्या आजाराने वेदनेचे मार्गच अतिसंवेदनशील झालेले असतात. ही वेदना खरी असते. अशा रुग्णांना अल्प मात्रेतील ॲमिट्रिप्टिलीनसारखे औषध दिले जाते. ते मानसिक आजारासाठी नसून चेतातंतू शांत करण्यासाठी आहे, हे सांगितले गेले नाही तर रुग्ण चिठ्ठी वाचून ते बंद करतो.

मॉर्फिन व कोडीन या जातीची वेदनाशामके याच स्नायूला आवळतात आणि दीर्घकाळ घेतल्यास पोटदुखी वाढवूही शकतात. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची नावे म्हणूनच डॉक्टरांना न संकोचता सांगावी लागतात.

तपासणीस जाताना उपचाराचा मूळ अहवाल, नळीची तारीख, पेशींच्या तपासणीचा कागद आणि वेदनेची नोंद जवळ असावी. वेदना कोणत्या वेळी, जेवणानंतर किती वेळाने आणि किती मिनिटे होते, एवढी वहीतील नोंद पुरते. वेदना चालू असतानाच यकृताच्या चाचण्यांसाठी रक्त देता आले, तर त्या एका नमुन्यातून पुष्कळ काही कळते.