खुर्चीमागचा कॅमेरा

चित्रपटाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा त्याच्या कथेविषयी बोलतो. नायक कोण, अन्याय कोणावर झाला, शेवटी कोण जिंकले, याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु चित्रपट म्हणजे पडद्यावर सांगितलेली कथा एवढेच नव्हे. कॅमेरा कोठे उभा आहे, उजेड कोणावर पडला आहे आणि आवाज कोणाचा ऐकू येतो आहे, या तीन गोष्टी कथा पुरती कळण्याआधीच आपली बाजू ठरवून टाकतात. प्रेक्षकाला वाटते, आपण तटस्थ आहोत. वास्तविक त्याला आधीच एका जागी नेऊन बसवलेले असते.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. चित्रपटाची ओळख झाली ती जत्रेतल्या तंबूत. पडद्याच्या मागल्या अंगाला बसलेल्यांना तिथे अक्षरे उलटी दिसत. काय दिसते हे कोठे बसलो यावर अवलंबून असते, ही गोष्ट तंबूत उघड होती. पडद्यावरच्या चित्राच्या आत ती लपलेली असते. ती कशी शोधायची, हे सांगण्यासाठी मी वर्गात एक प्रसंग घेतो: फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या 'द गॉडफादर' (१९७२) या अमेरिकन चित्रपटाचा पहिला प्रसंग. छायाचित्रण गॉर्डन विलिस यांचे, संगीत निनो रोटा यांचे. चित्रपट गाजलेला आहे म्हणून मी तो घेत नाही. न्याय न मिळालेला एक माणूस सत्तेच्या दारी येतो, एवढीच त्या प्रसंगाची गोष्ट आहे, आणि ती आपल्याला परकी नाही.

प्रथम आवाज. काळ्या पडद्यावर एकट्या ट्रम्पेटची सुरावट ऐकू येते, चित्रपटाचे नाव येते, सुरावट थांबते. पडदा काळाच राहतो आणि त्या काळोखातून एका माणसाचा आवाज येतो. अमेरिकेवर आपली श्रद्धा आहे, असे तो सांगतो. चेहरा त्यानंतर दिसतो. हा बोनासेरा, इटलीहून येऊन अमेरिकेत दफनविधीचा व्यवसाय करणारा. त्याच्या मुलीवर दोन तरुणांनी जबरदस्ती करण्याचा प्रयत्न केला. तिने प्रतिकार केला, तेव्हा त्यांनी तिला जनावरासारखे मारले. नाक मोडले, जबडा फुटला. बाप पोलिसांकडे गेला, न्यायालयात गेला. न्यायाधीशाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि तिची अंमलबजावणी तिथेच स्थगित केली. आरोपी त्याच दिवशी मोकळे झाले. हे सगळे सांगितले जात असताना खाली कसलेही पार्श्वसंगीत नाही. आपल्याकडचा रूढ चित्रपट इथे व्हायोलिन वाजवून रडायची खूण करील. इथे दुःखाला आधार द्यायला कोणीच नाही. माणूस आणि त्याचा आवाज, बस्स.

आता कॅमेरा. सुरुवातीला बोनासेराचा चेहरा पडदाभर आहे. मग, जवळजवळ लक्षात येणार नाही इतक्या संथपणे, तो लहान होत जातो. सुमारे तीन मिनिटे हे चालते आणि मध्ये कोठेही चित्र तोडलेले नाही. इथे कॅमेरा मागे सरकत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. हे काम झूम भिंगाचे आहे. कॅमेरा जागच्या जागी राहतो, त्याच्या नजरेचा आवाका तेवढा रुंद होतो. हळूहळू टेबल दिसते, अंधारी खोली दिसते. बोनासेराला रडू येते तेव्हा समोरून एक हात हलतो आणि कोणीतरी त्याला पेय आणून देतो. अखेरीस चित्राच्या पुढच्या बाजूला एका बसलेल्या माणसाचे डोके आणि खांदा काळ्या आकृतीसारखे उभे राहतात. हा डॉन कॉर्लिओने.

याचा अर्थ काय होतो? कॅमेरा हललेला नाही, म्हणजे तो पहिल्यापासून डॉनच्या खांद्यामागेच होता. आपल्याला वाटत होते, आपण त्या बापाच्या दुःखाजवळ आहोत. प्रत्यक्षात आपण अर्जदाराकडे खुर्चीच्या बाजूने पाहत होतो. आपल्या ठायी जागी झालेली करुणासुद्धा साहेबाच्या बाजूला बसून वाटलेली करुणा होती.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. विलिस यांनी दिवे वर, डोक्यावर ठेवले. मार्लन ब्रँडोच्या रंगभूषेसाठीही ते सोयीचे होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की भुवयांची सावली खाली पडली आणि डॉनचे डोळे काळोखात गेले. नटाचे डोळे दिसत नाहीत, ही गोष्ट निर्मितीसंस्थेच्या अधिकाऱ्यांना रुचली नव्हती. पण सत्तेचे चित्र याहून खरे कसे काढणार? मागणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ वाचता येते. देणाऱ्याच्या मनातले काहीच कळत नाही. तो मांडीवरचे मांजर कुरवाळतो आणि खालच्या, घोगऱ्या आवाजात बोलतो. ज्याचे सगळे ऐकतात, त्याला ओरडावे लागत नाही.

बोनासेरा उठतो, टेबलाला वळसा घालून डॉनच्या कानात काही सांगतो. ते आपल्याला ऐकवले जात नाही. मग चित्र तुटते आणि डॉनचा चेहरा प्रथमच समोरून दिसतो. मागणी खुनाची होती, हे त्याच्या नकारातून कळते. बोनासेरा पैसे देऊ करतो, त्याने डॉन अधिकच दुखावतो. त्याला पैसा नको असतो, नाते हवे असते. अखेर तो बाप मान लववून त्याला 'गॉडफादर' म्हणतो, हाताचे चुंबन घेतो, आणि काम होते. 'मायबाप' या शब्दाची किंमत आपल्या आज्या-पणज्यांनी मोजलेली आहे. म्हणून इथे काय घडले हे आपण चटकन ओळखू शकतो. न्यायालयात तो माणूस हक्क मागत होता, या खोलीत तो उपकार मागतो. हक्काला परतफेड नसते. उपकाराची परतफेड पुढे कधीतरी मागितली जाईल, हे डॉन त्याला तिथेच सांगून ठेवतो.

एका वर्षी वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, जिला मारले ती कुठे आहे?" माझ्या साऱ्या विवेचनाला तो प्रश्न पुरून उरला. या प्रसंगात तिचे नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. तिची वेदना दोन पुरुषांमधल्या व्यवहाराचे निमित्त होते. आणि लगेच पुढे काय दिसते? अंधाऱ्या खोलीतून आपण भर उन्हातल्या बागेत येतो. वाद्ये वाजत आहेत, माणसे नाचत आहेत, डॉनच्या मुलीचे लग्न आहे. एका मुलीला सगळे ऊन, दुसरीला साधा कंदीलही नाही. दिग्दर्शकाने हा विरोध कितपत योजला, यावर वाद होऊ शकेल. पडद्यावर तो आहे, एवढे निश्चित.

तेव्हा हा चित्रपट वाईट आहे काय? मुळीच नाही. कसब इतके सामर्थ्यवान आहे म्हणूनच सावध राहिले पाहिजे. याच भूमिकेसाठी ब्रँडोला ऑस्कर मिळाले आणि १९७३ च्या समारंभात त्याने ते नाकारले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे जे चित्रण तिथला चित्रपट-व्यवसाय करीत आला, त्याचा तो निषेध होता. कॅमेऱ्याला बाजू असते, हे कॅमेऱ्यासमोर आयुष्य काढलेल्या माणसालाही ठाऊक होते.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हा अभ्यास जरूर करून पाहावा. त्याला पुस्तके लागत नाहीत. कोणत्याही चित्रपटाची पहिली पाच मिनिटे तीनदा घ्यावीत. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसती ऐकत, आणि तिसऱ्यांदा नेहमीसारखी. प्रत्येक वेळी वहीत लिहावे: कॅमेरा कोणाच्या बाजूला, उजेड कोणावर, आवाज कोणाचा. आणि शेवटी त्या मुलीचा प्रश्न लिहावा, की ज्याच्याविषयी हे सगळे चालले आहे तो माणूस कोठे आहे?