अल्पप्राण, महाप्राण आणि संगणक

विद्येला वयाचें बंधन नसतें, असें वर्गांत मीं शेंकडों वेळां सांगितलें. पण त्या वचनाची खरी कसोटी निवृत्तीनंतर पाहिली. नाशिकच्या एका महाविद्यालयांतील माझे स्नेही, पंचेचाळिशी ओलांडलेले लिपिक, एके सायंकाळीं घरीं आले. 'एम्.एस्.-सी.आय्.टी.' हें प्रमाणपत्र मिळविल्यावांचून त्यांची वेतनवाढ सुटणार नव्हती. "गुरुजी, मुलाच्या वयाच्या शिक्षकासमोर बोटें थरथरतात हो!" ते म्हणाले.

२००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें हा अभ्यासक्रम गांवोगांव नेला. पत्र टंकणें, हिशेबाचें कोष्टक मांडणें, ई-मेल धाडणें, अशीं कचेरींतलीं नित्याचींच कामें त्यांत शिकवितात. माझें संगणकज्ञान बेताचें. परंतु मराठीचा 'इन्स्क्रिप्ट' कळफलक पाहिला आणि शिक्षाशास्त्रांतला वर्णविचार आठवला. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे. 'क'च्याच कळेवर 'शिफ्ट' दाबली कीं 'ख', 'त'च्या कळेवर 'थ'. अल्पप्राण-महाप्राणांच्या जोड्याच त्या!

हें उमगतांच त्यांची निम्मी भीति ओसरली. महिनाभर नातीच्या संगणकावर सराव चालला. ती चुका दाखवी. "चुकलें बरें, ताई," म्हणून ते निमूटपणें सुधारीत. पुढें प्रमाणपत्र मिळालें, वेतनवाढहि सुटली.

वाचकहो, घरांतलें वडील माणूस संगणकापुढें बिचकलें तर हंसूं नका. त्यास जें ठाऊक आहे, तेथूनच धड्याचा आरंभ करा.