रूमला जुन्या जीन्सचा निळा!

कॉलेज सुरू झालं की जळगाव-धुळ्यात रूम शोधायची धावपळ. रूम मिळते हो, पण भिंती? पिवळट डिस्टेंपर आणि आधीच्या पोरांच्या टेपचे डाग. मग रात्री रील्समध्ये धुरकट निळी भिंत दिसते आणि वाटतं, आपलीही अशीच हवी!

हा निळा म्हणजे आकाशी नाही, नेव्हीही नाही. चार वर्षं धुतलेल्या जीन्सचा, राखाडी झाक असलेला. खानदेशात तो शोभतो, कारण आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा पांढरीशुभ्र भिंत डोळ्यांना टोचते. मधल्या छटेचा निळा तो झगमगाट थोडा पिऊन घेतो. पण भो, यानं रूम थंड होत नाही! गार 'वाटतं', एवढंच. उष्णता अडवायची तर गच्चीवर पांढरा चुना मारा. बाहेरच्या भिंतीला हाच निळा दिलात तर ती पांढऱ्यापेक्षा जास्त तापेल.

तसा निळा आपल्याला नवा नाही. आजीला विचारा. धाब्याच्या घरात चुना कालवताना त्यात नीळ टाकायचे, पांढऱ्या कपड्यांना देतात तीच. चिमूटभर टाकली की चुन्याचा पिवळेपणा मरतो, हात सैल सुटला की भिंत निळसर. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एकेकाळी हा रंग लाजवर्द नावाचा महागडा दगड दळून काढायचे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या तयार करायची रीत सापडली आणि स्वस्त झाला. चुन्यात तो टिकतो. प्रशियन ब्लू मात्र चुन्यात उडून जातो, त्यामुळे दिसेल तो निळा चुन्यात ओतू नका.

आता तुमची रूम. धुळ्याच्या जुन्या गल्लीतली, एकाच खिडकीची असेल तर चारही भिंती निळ्या नकोच, गुहा होईल. खिडकीसमोरची एक भिंत घ्या. खिडकी ज्या भिंतीत आहे ती नको, तिच्यावर थेट उजेड पडत नाही, रंग मळका दिसतो. दहा बाय दहाच्या भिंतीला दोन हातांसाठी साधारण एक लिटर इमल्शन पुरतं. शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावर मात्र विसंबू नका. रंगाची छोटी डबी आणा, ड्रॉइंग शीटवर दोन हात मारा, वाळू द्या आणि भिंतीला टेकवून सकाळी, भर दुपारी, रात्री बघा. रात्रीचं बघणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण रूमवर तुम्ही तेव्हाच असता. पांढऱ्याफटक एलईडी ट्यूबखाली हा निळा दवाखान्यासारखा दिसतो. पिवळसर बल्ब लावला की निवतो. सोबतीला लाकडी टेबल, मोहरीच्या रंगाचा पडदा किंवा घरून आणलेली गोधडी. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर दिवाळीपर्यंत पोपडे.

आणि घरमालक काका! "एकच भिंत, सोडताना पुन्हा पांढरी करून देतो," असं व्हॉट्सअॅपवर लिहून त्यांचा होकार घ्या. डिपॉझिट परत मागताना तोच मेसेज कामी येतो. नाहीच म्हणाले, तर आधीच्या भाडेकरूच्या खिळ्यांना दोरी बांधा आणि आईची जुनी निळी सुती साडी त्यावर सोडा. फक्त डबल टेप लावू नका, डिस्टेंपर सोलून निघतो.