रुग्णालयातील पदार्थवैज्ञानिक

रुग्णालय म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर येतात, परिचारिका येतात, औषधे देणारा कंपाउंडर येतो; फार तर क्ष-किरण विभागातला तंत्रज्ञ येतो. परंतु कर्करोगावर किरणांनी उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात आणखी एक मनुष्य असतो. त्याच्या गळ्यात स्टेथॉस्कोप नसतो, तो नाडी पाहत नाही, औषधाची चिठ्ठी लिहून देत नाही. पुष्कळसे रुग्ण महिना-दीड महिना रोज उपचाराला येतात आणि घरी जातात, तरी त्यांना त्याचे नावही ठाऊक होत नाही. हा मनुष्य पदार्थविज्ञानाचा एम. एस्‌सी. झालेला असतो. त्याला वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, आणि रोजच्या बोलण्यात मेडिकल फिजिसिस्ट, असे म्हणतात. आमच्या या व्यवसायाविषयी चार गोष्टी श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पदार्थविज्ञानवाल्याचे रुग्णालयात काय काम, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर ‘मात्रा’ या एका शब्दात सांगता येईल.

आपल्याकडे घरोघरी बाळगुटी उगाळीत असत. हिरड्याचे वळसे किती, वेखंडाचे किती, हे सहाणेवर मोजून घेतल्यावाचून आजी ती बाळाच्या ओठाला लावीत नसे. औषध तेच; वळसे कमी पडले तर गुण नाही, जास्त पडले तर अपाय. किरणांचेही तसेच आहे. मात्र उगाळलेले औषध डोळ्यांना दिसते, जिभेला कळते. किरणांची मात्रा दिसत नाही, भाजत नाही, तिला वास नाही. टेबलावर निजलेल्या रुग्णाला ती मिळाली की नाही हे कळत नाही, आणि भिंतीपलीकडून यंत्र चालविणाऱ्यालाही कळत नाही.

ही गोष्ट किती विलक्षण आहे हे एका हिशेबावरून दिसेल. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापाने मोजतात. एक किलो वजनाच्या ऊतकात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, म्हणजे एक ग्रे. आता सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या सर्वांगावर एकदम चार ग्रे मात्रा पडली असे धरू. एकूण ऊर्जा झाली २८० ज्यूल. एवढी उष्णता गरम चहाच्या एका लहानशा घोटात असते! तिने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेच वाढेल. घरातल्या थर्मामीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. तरीसुद्धा एवढी मात्रा सर्वांगावर पडलेली माणसे, उपचार न मिळाल्यास, निम्म्याच्या आसपास दगावतात. कारण चहाची ऊब सर्वत्र सारखी पसरते. किरणांची ऊर्जा मात्र सूक्ष्म टोल्यांसारखी एकेका जागी बसते आणि पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडते. कर्करोगावर उपचार करताना याच किरणांची पन्नास ते सत्तर ग्रे मात्रा द्यावी लागते. ती केवळ रोगाच्या जागेवर, आणि रोज बहुधा दोन ग्रे अशा हप्त्यांनी देतात. म्हणजे निरोगी पेशींना दोन हप्त्यांमध्ये आपली मोडतोड दुरुस्त करून घेण्यास उसंत मिळते. कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही.

राँटजेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच लोक त्यांचा उपचारासाठी उपयोग करू लागले. मोजण्याचे साधन तेव्हा काहीच नव्हते. कातडी लाल झाली म्हणजे मात्रा पुरली, असा ठोकताळा असे. काही डॉक्टर यंत्राची शक्ती अजमावण्यासाठी रोज आपलाच हात किरणांपुढे धरीत. त्या पिढीतल्या कित्येकांची बोटे गेली, काहींचे प्राण गेले. जर्मनीतील हँबुर्ग शहरी १९३६ साली त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. १९२८ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘राँटजेन’ हे माप मान्य केले, तेव्हा कोठे निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांना एकमेकांचे आकडे कळू लागले. ज्यांच्या नावाने आजचे माप ओळखले जाते ते लुई हॅरल्ड ग्रे हे इंग्लंडमधील रुग्णालयात काम करणारे पदार्थवैज्ञानिकच होते. १९६५ साली ते वारले, आणि १९७५ साली त्यांचे नाव मापाला देण्यात आले.

आपल्याकडे या कामाची सुरुवात मुंबईत झाली. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, आणि तेथील पदार्थविज्ञानाचे काम रामय्या नायडू यांच्याकडे आले. पॅरिसला मादाम क्यूरींच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलेले होते. रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू गोळा करून तो उपचारासाठी वापरण्याची व्यवस्था त्यांनी तेथे उभारली. पुढे तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात १९६२ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, या विषयाचे रीतसर शिक्षण सुरू झाले. देशातील अनेक रुग्णालयांना तेथूनच माणसे मिळाली आहेत.

याच सुमारास कोबाल्टची यंत्रे आली. कॅनडात १९५१ साली कोबाल्ट-६० च्या किरणांनी उपचार होऊ लागले. सॅस्कटून येथे या यंत्राची मोजमापे करणाऱ्या हॅरल्ड जॉन्स यांच्या विद्यार्थ्यांत सिल्व्हिया फेडोरुक नावाची एक मुलगी होती. पुढे ती त्या प्रांताची लेफ्टनंट गव्हर्नर झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘मुलींना हे जमेल का’ असा प्रश्न आमच्यापुढे येतो. या कामाला लागते ती चिकाटी आणि संशयी बुद्धी. ती कोणाकडे अधिक असते, हे गृहस्थाश्रमी वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कोबाल्ट हा जन्मभर झिजत राहणारा पदार्थ आहे. सव्वापाच वर्षांत त्याची शक्ती निम्मी होते. म्हणजे दर महिन्याला सुमारे एक टक्का घटते. जानेवारीत जी मात्रा शंभर सेकंदांत मिळाली, तिला डिसेंबरात सुमारे एकशे बारा सेकंद लागतील. हा हिशेब कोणी ठेवलाच पाहिजे. हल्ली बऱ्याच ठिकाणी कोबाल्टऐवजी विजेवर चालणारी लिनॅक यंत्रे आहेत. ती झिजत नाहीत, पण लहरी असतात. म्हणून पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी रोज सकाळी त्यांची शक्ती तपासून पाहतात.

तपासायची कशी? शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी एक पोकळ कुपी असते. तीत साधी हवा. किरण हवेतून गेले म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. तो विद्युत्‌भार मोजायचा आणि त्यावरून मात्रा काढायची. मनुष्याचे शरीर बव्हंशी पाण्याचे, म्हणून कुपी पाण्याच्या टाकीत ठरलेल्या खोलीवर बुडवून हे माप घेतात. येथे एक मौज आहे. कुपीतली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. पुणे समुद्रसपाटीहून सुमारे ५६० मीटर उंच. तेव्हा मुंबईची कुपी पुण्याला आणली तर तीत हवा सहा टक्क्यांनी विरळ होते आणि मापही तितकेच कमी येते. यंत्र ठीक असता ते अशक्त वाटते. वायुभारमापक न पाहता कोणी त्या मापावर विसंबला, तर पुण्यातल्या प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जादा मात्रा मिळेल! हवा तीन अंशांनी तापली तरी एक टक्क्याचा फरक पडतो. म्हणून किरण मोजणाऱ्याच्या टेबलावर थर्मामीटर आणि वायुभारमापक ही जुन्या काळची उपकरणे अजून सुखाने नांदत आहेत.

सहा टक्क्यांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. दिलेली मात्रा ठरविलेल्या मात्रेपासून पाच टक्क्यांहून अधिक ढळू नये, असा दंडक जगभर पाळण्याचा प्रयत्न असतो. त्याचे कारण रुग्णाच्या शरीराच्या रचनेत आहे. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्या देशात फार. अशा गाठीला ६६ ते ७० ग्रे मात्रा लागते. तिच्यापासून थोड्याशा अंतरावर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आहे. त्याला ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जाऊ देता येत नाही, नाही तर हातपाय लुळे पडण्याची भीती. मात्रा किती द्यायची आणि कोणता अवयव जपायचा, हे डॉक्टर ठरवितात, सीटी स्कॅनच्या चित्रावर गाठीची सीमा तेच आखतात. तेथून पुढे, किरण कोणकोणत्या कोनांतून सोडले, वाटेत टंगस्टनच्या पात्या कशा सरकविल्या म्हणजे गाठीला पुरेपूर मिळेल आणि मज्जारज्जू बचावेल, हा सारा आराखडा फिजिसिस्टच्या देखरेखीखाली सिद्ध होतो. पूर्वी शिशाची तार रुग्णाच्या अंगाला वाकवून आकार घेत, तो आलेखाच्या कागदावर उतरवीत आणि मात्रेच्या रेषा हाताने जुळवीत. आता संगणक लक्षावधी बिंदूंवरचा हिशेब काही मिनिटांत करतो. नवख्याला वाटते, काम सोपे झाले. आमच्या मते काम बदलले आहे: पूर्वी आपण केलेली बेरीज तपासावी लागे, आता दुसऱ्याने केलेली, तीही न दिसणारी, तपासावी लागते.

तपासणी चुकली म्हणजे काय होते याचे दोन दाखले देतो. कोस्टा रिकाच्या राजधानीत, सॅन होजे येथे, १९९६ साली एका रुग्णालयात कोबाल्टचा नवा स्रोत बसविण्यात आला. त्याचे माप घेताना घड्याळ ०.३ मिनिटावर लावले होते. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. ते ३० सेकंद समजले गेले. त्यामुळे स्रोत होता त्यापेक्षा पुष्कळ अशक्त ठरला आणि रुग्णांना त्या प्रमाणात जास्त वेळ किरणांखाली ठेवण्यात आले. चूक ध्यानात येईपर्यंत ११५ रुग्णांना जादा मात्रा मिळून गेली. त्यांत लहान मुलेही होती. काहींचे प्राण गेले.

दुसरा दाखला इंग्लंडमधील उत्तर स्टॅफर्डशायरचा आहे, आणि आम्हाला तो अधिक अस्वस्थ करतो. तेथे १९८२ साली आराखड्यासाठी संगणक आला. यंत्रापासूनच्या अंतराची दुरुस्ती तो स्वतःच करीत असे. जुन्या सवयीने माणसे तीच दुरुस्ती हातानेही करीत राहिली. अशा रीतीने सुमारे हजार रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी मात्रा मिळत गेली, आणि १९९१ पर्यंत कोणाच्याही ते लक्षात आले नाही. जादा मात्रेने कातडी जळते, रुग्ण तक्रार करतो, डॉक्टर चौकशी करतात. कमी मात्रेने काहीच होत नाही. उपचार सुखाने पार पडतो, रुग्ण आभार मानून घरी जातो. आणि पुढे रोग उलटला तर त्याचा दोष रोगाकडेच जातो. अशी चूक रुग्णाच्या तोंडून कधी कळत नाही. ती कोणीतरी मुद्दाम शोधायला निघाले तरच सापडते.

म्हणून आमच्या व्यवसायात आपले माप दुसऱ्याकडून, पहिला आकडा त्याला न सांगता, तपासून घेण्याची रीत आहे. यासाठी टपालाचाही उपयोग होतो! किरणांची मात्रा टिपून ठेवणाऱ्या लहान कुप्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून देशोदेशींच्या रुग्णालयांना पाठवीत आहेत. आपल्याकडे हेच काम भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा करते. रुग्णालयाने आपल्या हिशेबाप्रमाणे दोन ग्रे मात्रा द्यायची आणि कुपी परत पाठवायची. तुर्भ्याचा आकडा आपल्या आकड्याशी जुळला तर बरे. इतर व्यवसायांत अशी तपासणी अपमान समजतात. आमच्याकडे तिला नकार देणाऱ्याकडेच संशयाने पाहतात.

तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी विचारावे असे प्रश्न राहिले. पदार्थविज्ञानात एम. एस्‌सी. झाल्यावर किरणभौतिकीची पदविका घ्यावी लागते, किंवा थेट वैद्यकीय भौतिकी हाच विषय घेऊन एम. एस्‌सी. होता येते. त्यानंतर एखाद्या सुसज्ज किरणोपचार विभागात वर्षभर उमेदवारी. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याच्या नियमांप्रमाणे पात्र फिजिसिस्ट असल्याखेरीज रुग्णालयाला किरणोपचाराचे यंत्र चालविता येत नाही. बहुधा हाच मनुष्य परीक्षा देऊन किरणसुरक्षा अधिकारीही होतो. भिंतीचे काँक्रीट किती जाड हवे, दाराचे कुलूप बिघडले तर यंत्र आपोआप बंद पडते की नाही, कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यांत किती मात्रा नोंदली गेली, हेही मग त्याच्याच खाती येते. ‘किरणांत राहून तुम्हाला अपाय होत नाही का’ असे विचारणाऱ्यांना आम्ही त्या बिल्ल्यांची नोंदवही दाखवितो.

पगार बरा असतो, मोठ्या शहरांत अधिक. डॉक्टरांइतका मान समाजात मिळत नाही, आणि घरच्यांना आपण नेमके काय करतो हे समजावून सांगण्यात काही वर्षे जातात. वेळेचेही सांगून ठेवावे. दिवसभर यंत्र रुग्णांच्या स्वाधीन असते. शेवटचा रुग्ण गेला, तंत्रज्ञांनी हात धुतले, म्हणजे आमची पाण्याची टाकी आत सरकविण्यात येते. ती भरायची, कुपी पातळीत आणायची, पाणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचे, आणि मग मापे घ्यायची. नव्या यंत्राची पहिली मापे घ्यायला कित्येक आठवडे लागतात, आणि ती बहुतेक अशा रात्रींतच घेतली जातात.