टवका भरावा की काच बदलावी?

नाशिकच्या पंचवटीतील पेठ नाक्यावरून निघालेला रस्ता सावळघाट, करंजाळी, कोटंबीचा घाट असे करीत पेठला पोचतो आणि पुढे गुजरातेत धरमपूर-वापीकडे उतरतो. पावसाळा सरता सरता या रस्त्यावर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या माणसांनी भरलेल्या जीप आणि पिकअप गाड्या दिसू लागतात. पावसाने उखडलेल्या रस्त्यावर खडी सुटी झालेली असते. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एखादा खडा उडतो, टणकन समोरच्या काचेवर आदळतो आणि तिथे रुपयाएवढा टवका उडतो. आता काय करावे? टवक्यात राळ भरून घ्यायची तर खर्च काही शेकड्यांत जातो, नवी काच बसवायची तर काही हजारांत. काचवाला म्हणतो, बदलून टाका. शेजारचा गाडीवाला म्हणतो, माझी वर्षभर तशीच आहे. एकाला काच विकायची असते, दुसऱ्याचे नशीब चांगले असते. काचेत नेमके काय चालले आहे हे दोघेही पाहत नाहीत. ते आपण पाहू.

गाडीत दोन जातींच्या काचा असतात. दरवाज्यांच्या आणि बहुधा मागची काच ही ‘टफन्ड’ म्हणजे कडक केलेली असते. तापवलेल्या काचेवर थंड हवेचे झोत सोडून तिचा पृष्ठभाग आधी गोठवतात. मागाहून आतला भाग थंड होऊन आकसू पाहतो, पण पृष्ठभाग त्याला तसे करू देत नाही. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. चीर एकदा दाबाचा थर भेदून गाभ्यात शिरली की कोंडलेली ऊर्जा एकदम सुटते आणि सगळ्या काचेचे साखरेच्या खड्यांसारखे तुकडे होतात. या काचेच्या दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही.

समोरची काच मात्र थरांची असते. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटर जाडीचा, पॉलिव्हिनिल ब्युटिराल या बहुवारिकाचा पारदर्शक पापुद्रा. काच फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात, डोळ्यांत उडत नाहीत. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्त्युस यांनी १९०९ साली अशा काचेचे पेटंट घेतले. सेल्युलोज नायट्रेटचा थर आतून वाळलेला एक चंबू हातातून पडला आणि तडकूनही अखंड राहिला, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील शंभरावा नियम समोरच्या काचेसंबंधी आहे. ती थरांची असावी आणि तिच्यातून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश आत यावा, असे तो सांगतो. दुरुस्ती शक्य होते ती या रचनेमुळेच. खड्याचा मार बहुधा बाहेरच्या काचेवर थांबतो. पापुद्रा आणि आतली काच शाबूत राहते.

खडा लहान असला तरी मार लहान नसतो. पाच ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम दीड सेंटीमीटरचा बसाल्टचा तुकडा ताशी १०० किलोमीटर सापेक्ष वेगाने आदळला तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १.९ ज्यूल होते. एक किलोचे वजन वीतभर उंचीवरून सोडल्यासारखेच हे आहे, पण इथे सारा आघात खड्याच्या एका टोकावर एकवटतो. वेग ताशी ६० असता तर ही ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशच राहिली असती. शिवाय सह्याद्रीचा बसाल्ट ज्या खनिजांचा बनतो ती काचेपेक्षा किंचित कठीण असतात. टोकदार किंवा गोल वस्तू काचेवर दाबली की तिच्याभोवती शंकूच्या आकाराची चीर आत उतरते. हाइनरिश हर्ट्‌झ या शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकाच्या आरंभी, विद्युतचुंबकीय लहरींच्या प्रयोगांआधी, याचा अभ्यास केला होता. काचेवर गोल डोळ्यासारखा डाग दिसतो तो हाच शंकू. कधी त्यातून चांदणीसारखे पाय फुटतात. भीती असते ती या पायांची.

याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९१३ साली इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने जहाजांच्या पत्र्यांतील भेगांचा विचार करताना दाखवले की, पत्र्यातील भोक जितके लांबट आणि त्याचे टोक जितके अणकुचीदार, तितके त्या टोकापाशी प्रतिबल वाढते. १९२० साली ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून पुढचा प्रश्न सोडवला : काच तिच्या रासायनिक बंधांच्या हिशेबाने असायला हवी त्याच्या कितीतरी कमी बळाने का मोडते? उत्तर असे की, साध्या डोळ्यांना निर्दोष दिसणाऱ्या काचेवरही सूक्ष्म चिरा असतात. चीर वाढली की ताणलेल्या काचेतील ऊर्जा सुटते आणि नवा पृष्ठभाग तयार होण्यात ती खर्च होते. सुटणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली की चीर स्वतःच धावू लागते. त्यासाठी लागणारे प्रतिबल चिरेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते.

आकड्यांत पाहू. साध्या काचेसाठी, पृष्ठभागावर १० मायक्रोमीटर खोल चीर असेल तर ती धावायला सुमारे १२० मेगापास्कल प्रतिबल लागते. चीर एक मिलिमीटरची असेल तर १२ पुरे. एक सेंटीमीटर असेल तर चारही नकोत. (हे आकडे साध्या सरळ चिरेचे आहेत, खऱ्या टवक्याची भूमिती गुंतागुंतीची असते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आलेख काढून पाहावा.) म्हणजे चीर जशी लांबते तसतशी ती पुढे ढकलणे सोपे होत जाते. टवका लहान आहे तोवर भरून घ्या असे सांगतात त्यामागे हे गणित आहे.

मग हे बळ येते कोठून? उन्हाचेच उदाहरण घ्या. काचेचा यंग गुणांक ७० गिगापास्कल, प्रसरण गुणांक अंशाला नऊ दशलक्षांश. काचेचा एक भाग शेजारच्या भागापेक्षा ३० अंशांनी थंड झाला आणि त्याला आकसण्यास मुळीच वाव नसला, तर ७०,००० × ०.०००००९ × ३० म्हणजे सुमारे १९ मेगापास्कल ताण उत्पन्न होतो. प्रत्यक्षात थोडा वाव असतो, त्यामुळे ताण कमी भरतो. पण सेंटीमीटरभर चिरेला चार पुरतात हे आठवावे. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर बादलीभर पाणी फेकणे, किंवा तापल्या काचेवर आतून गार हवेचा झोत सोडणे, म्हणूनच महागात पडते. याखेरीज घाटात गाडीचे एक चाक खड्ड्यात गेले की सांगाडा पिळतो आणि काचही थोडी वाकते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती पेठसारख्या धो धो पावसाच्या गावी फार महत्त्वाची. वरच्या मर्यादेपेक्षा कमी ताण असला तर चीर जागच्या जागी थांबायला हवी. ती थांबत नाही. काचेचा सांगाडा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशा बंधांचा असतो. चिरेच्या टोकापाशी हे बंध ताणलेले असतात. तिथे पाण्याचा एक रेणू पोचला की तो ताणलेल्या बंधाशी अभिक्रिया करतो. एका बंधाच्या जागी दोन सिलिकॉन-हायड्रॉक्सिल टोके उरतात आणि चीर एका बंधाने पुढे सरकते. अमेरिकेतील वीडरहॉर्न यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हवेतील आर्द्रता वाढवली की तोच ताण असतानाही चीर अधिक वेगाने वाढते असे स्पष्ट दिसले. समजा चीर सेकंदाला दहा नॅनोमीटर सरकते. एक मिलिमीटर जायला तिला एक लाख सेकंद, म्हणजे २८ तास लागतील. पाहणाऱ्याला काहीच हालचाल दिसणार नाही. पण आठवड्यात सहा मिलिमीटर वाढ झालेली असेल. मग एके दिवशी एका दणक्याने तीच चीर सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने काचभर धावते आणि मालक म्हणतो, ‘काही नसताना तडकली!’

प्रयोगशाळेत काचेची नळी तोडताना आपण कानशीने ओरखडा काढतो आणि जुने परिचर त्यावर पाण्याचा थेंब लावायला सांगतात. नळी फडक्यात धरून, कोरड्या आणि ओल्या ओरखड्यांची तुलना विद्यार्थ्यांसमोर अवश्य करावी. परिचरांना वीडरहॉर्न ठाऊक नव्हते, पण थेंबाचे काम ठाऊक होते.

आता दुरुस्तीत काय करतात ते पाहू. टवक्यावर एक छोटे उपकरण बसवून चिरांतील हवा ओढून घेतात, मग दाबाने पातळ ॲक्रिलिक राळ आत ढकलतात आणि अतिनील किरणांखाली ती घट्ट करतात. राळ काचेइतकी बळकट नसते. तरीही ती चिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींना धरून ठेवते, त्यामुळे टोकावर एकवटणारे प्रतिबल उतरते. आणि पाण्याची वाट बंद होते. तिसरा फायदा दिसण्याचा. चिरेतील हवा आणि काच यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, तिरप्या प्रकाशाचा आणखी अधिक; चीर चंदेरी चमकते ती त्यामुळे. राळेचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा, सुमारे १.५ असतो. हवेच्या जागी राळ आली की परावर्तन नगण्य होते आणि चीर जवळजवळ दिसेनाशी होते. वर्गात यासाठी बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी शेंगदाण्याच्या तेलाने भरून तेलाच्याच चंचुपात्रात बुडवावी. दोघांचाही अपवर्तनांक १.४७च्या आसपास असल्याने नळी तेलात हरवते. पाण्यात ती हरवत नाही, हेही लगेच दाखवावे.

पण चिरेत आधीच चिखलपाणी किंवा साबण गेला असेल तर राळ टोकापर्यंत पोचतच नाही. डाग अर्धवट राहतो आणि टोक मोकळेच. म्हणून टवका उडाल्यावर पहिले काम म्हणजे तो कोरडा असतानाच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावणे. नाशिक गाठायला चार दिवस लागले तरी मग चालते. झटकन चिकटवणारा घरगुती गोंद त्यात ओतण्याची पद्धत आम्हाला अगदीच नापसंत आहे : तो टवक्याच्या तोंडाशी गोठतो आणि चांगली राळ आत जाण्याचा मार्गच बुजवतो.

तर निर्णय कसा घ्यावा? आधी आतून काचेवरून नख फिरवावे. आतल्या बाजूला खरखर लागली तर दोन्ही काचा फुटल्या आहेत; बदलण्यावाचून गत्यंतर नाही. टवक्याभोवती पापुद्रा पांढुरका झाला असेल तर पाणी तिथवर पोचले आहे, तीही काच गेली असे समजावे. चीर काचेच्या कडेपासून चार-पाच सेंटीमीटरच्या आत असेल तर भरलेली राळ फार काळ टिकेल यावर विसंबू नये, कारण कापलेल्या कडेवर मुळातच सूक्ष्म चिरा अधिक असतात आणि सांगाड्याचा पीळ आधी तिथेच जाणवतो. यांपैकी काहीच नसेल आणि टवका रुपयाएवढा किंवा त्याहून लहान असेल, तर एका ठिकाणचा विचार सोडता भरून घेणे हेच शहाणपणाचे.

ते ठिकाण म्हणजे चालकाच्या डोळ्यांसमोरचे. भरलेला टवका पुसट दिसतो, पण पूर्ण नाहीसा होत नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्यावर पडला की तो फाकतो. ब्रिटनमधील गाड्यांच्या वार्षिक तपासणीत सुकाणूच्या मध्यासमोर २९ सेंटीमीटर रुंदीचा एक पट्टा धरतात. त्यात १० मिलिमीटरहून मोठे नुकसान चालत नाही. वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात मर्यादा ४० मिलिमीटरची आहे. कोटंबीच्या घाटात रात्री, पावसात आणि धुक्यात गाडी हाकणाऱ्याने ही १० मिलिमीटरची मर्यादा आपणहून पाळावी असे आम्हाला वाटते. धुळीने भरलेला वायपर वर्षानुवर्षे फिरून काचेवर जे धनुष्याकृती ओरखडे पडतात त्यांनाही राळेचा उपाय नाही.

नवी काच नेहमीच अधिक सुरक्षित, असा एक समज आहे. तो खरा नाही. जुन्या जीपची काच रबराच्या खाचेत बसवलेली असे आणि एसटीच्या जुन्या गाड्यांना समोर दोन वेगळ्या काचा असत. एक फुटली की तेवढीच बदलायची. आजच्या बहुतेक मोटारींची काच पॉलियुरेथेनने सांगाड्याला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छताला थोडा आधार ती देते, आणि अनेक गाड्यांत शेजारच्या प्रवाशाची हवेची पिशवी फुगताना तिच्यावर टेकते. कारखान्यातला सांधा एकदा कापला की नवा तितका चांगला होईलच असे नाही. पत्र्यावर ओरखडा पडून गंज धरतो, कोपऱ्यातून पाणी झिरपते. म्हणून भरून भागत असेल तिथे काच काढूच नये. बदलायचीच वेळ आली तर नव्या काचेच्या कोपऱ्यातील खूण वाचावी. थरांची काच असल्याचा उल्लेख आणि भारतीय मानक २५५३ चा क्रमांक तिथे पाहावा.

शेवटी गोंदाविषयी. पॉलियुरेथेनचा हा गोंद हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया होऊन घट्ट होतो, म्हणजे जे पाणी चीर वाढवते तेच इथे सांधा जोडते. पावसाळ्यात तो लवकर धरतो, मे महिन्याच्या कोरड्या हवेत सावकाश; आणि बाहेरून आत. वरून बोटाला कोरडा लागला तरी आत बराच वेळ ओला असतो. गाडी किती तासांनी चालवावी हे गोंदाच्या नळकांड्यावर छापलेले असते. ते विचारून तेवढा वेळ नाशिकलाच काढावा आणि मग सावळघाटाची वाट धरावी.